सव्वा हात नळी

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन गाडीतून उतरवले. अक्षय्यतृतीयेला त्याचा ब्लॉक सिलिंडरांच्या बोअरिंगसाठी नगरला गेला. वटपौर्णिमेच्या आठवड्यात ते जुळवून पुन्हा गाडीत बसवले. दिव्यांच्या अवसेआधीच्या सोमवारी इंधनाची रबरी नळी विकत घेतली गेली आणि त्याच दुपारी बसवली गेली. नागपंचमीच्या सकाळी गाडीने पेट घेतला. पोळ्याच्या आत मी चार पत्रे लिहिली. घटस्थापनेच्या दिवशी बेलापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजचे शटर खाली आले. हा मजकूर लिहीत असताना ते अद्याप वर गेलेले नाही.

जबाबदार इसम तीन. पहिला, ती नळी तयार करणारा कारखानदार. त्याने नळीवर मोठ्या अक्षरांत छाप मारला, पण खोक्यावर स्वतःचा पत्ता छापला नाही. दुसरा, ती नळी मला छापील बिलावर विकणारा सुट्या भागांचा व्यापारी. तिसरा मी. जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि आयुष्यभर इतरांच्या अर्जांतल्या चुका लाल शाईने दाखवीत आलो.

माझ्या चारही पत्रांत मी ज्याला दोषी ठरवले, तो गॅरेजवाला मिस्त्री या यादीत नाही. हे लेखन त्याच्यासाठी आहे. मी लेखी घालवलेले त्याचे नाव त्याला परत मिळावे, यापलीकडे मला यातून काही साधायचे नाही. नोकरीत मी पुष्कळ शपथपत्रे तपासली. सर्वांत घातक शपथपत्र खोटे नसते. त्यात एक कागद जोडायचा राहिलेला असतो. माझ्या पत्रांतही एक कागद जोडायचा राहिला होता, आणि तो चुकून राहिला नव्हता.

गाडी माझी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका डॉक्टरांकडून घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, दुहेरी कॅमशाफ्टची, सोळा व्हॉल्व्हची. एके काळी नगर-मनमाड रस्त्यावर तिला ओलांडून जाणारे वाहन मला क्वचितच दिसले. माझी मुलगी याच गाडीवर शिकली. ती राहुरीला एका प्रयोगशाळेत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या मैदानावर शर्यतीची गाडी चालवते. हा छंद मला मान्य नव्हता. परंतु नियमांचे पुस्तक वाचल्यावर त्यात आक्षेप घेण्याजोगे काही सापडेना, म्हणून मी संमती दिली. नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी नगरजवळच्या एका मैदानावर शर्यत होती. तिला त्या शर्यतीत आमची हीच गाडी चालवायची होती, आणि गाडीचे इंजिन तर तेल पीत होते.

मिस्त्रीकडे ही गाडी पहिल्यापासून जात असे. साठी ओलांडलेला माणूस, मागल्या तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आमच्या भागातल्या चर्चच्या पंचकमिटीवर. रविवारी तो पान्याला हात लावीत नसे. उरलेल्या सहा दिवसांत पान्याशिवाय कशालाच हात लावीत नसे, असे त्याची बायको म्हणे. सगळा गाव मला भाऊसाहेब म्हणतो, तसा तोही म्हणे.

इंजिन उघडल्यावर त्याने मला बोलावले आणि पिस्टनची नवी रिंग सिलिंडरमध्ये आडवी बसवून तिच्या दोन टोकांमधली फट दाखवली. ताकद वाढवायची म्हणून घडीव पिस्टन आणले होते, दाब वाढणार होता. रिंग तापून फुगली आणि टोके एकमेकांना भिडली तर सिलिंडर फाटणार. म्हणून फट हवी तेवढीच, केसाएवढा फरक चालत नाही. तो कानस नेहमी बाहेरून आत चालवी, उलट कधीही नाही. दोन घासे, मोजणी, पुन्हा दोन घासे. एका रिंगेला जेवणाची सुट्टी गेली.

मी प्रत्येक कामाची चिठ्ठी देत असे. कार्बन घालून दोन प्रती, खाली सही; एक त्याला, एक माझ्या फायलीत. तो ती वाचून तारेत ओवून ठेवी.

"भाऊसाहेब," तो एकदा म्हणाला, "नट आवळायचाबी हुकूम काढा. उद्या त्यो ढिला पडला तर त्याच्यावर खटला भरता यील."

"नट ढिला पडला तर तुमच्यावर भरेन."

"मंग लौकर भरा. तारीख पडंस्तवर माझी नातवंडं मिस्त्री झाल्याली असतील."

हे सारे हसण्यावारी जात असे. मला त्यात माझा गौरव वाटे.

इंजिन जुळले. मग प्रश्न आला इंधनाचा, आणि खरा वाद तिथे सुरू झाला. अधिक ताकदीला अधिक पेट्रोल लागते. ते टाकीतल्या पंपाने उचलायचे, रेग्युलेटरने दाब धरून ठेवायचा आणि चार इंजेक्टरांनी सिलिंडरांत फवारायचे. बाकावर इंजेक्टरांचे तीन संच मांडले होते. मला अर्थातच सर्वांत मोठे हवे होते. मुलगी वहीत हिशेब मांडून बसली होती.

"बाबा, मोठे घेतले तर गाडी जागेवर उभी असताना नुसती धुमसेल. लहान घेतले तर पूर्ण वेगात ते जवळजवळ उघडेच राहतील, तापतील. मधले घ्यायचे. पण मधल्यातसुद्धा थोडी सूट ठेवायला हवी, कारण आता पंपावरच्या पेट्रोलात अल्कोहोल असतं. तेवढ्याच ताकदीला जास्त लागतं."

मिस्त्री माझ्याकडे पाहून हसला. "ताई, ह्ये तुझ्या बापाला सांग. भाऊसाहेबांचाच ऊस, त्याचीच मळी, मळीची दारू, अन् दारू पेट्रोलात. आता ती भाऊसाहेबांच्याच गाडीचं रबर खानार. याच्यावर कोनतं कलम लागतंय?"

कलम कोणतेही लागत नाही, हे मला ठाऊक होते. माझा ऊस साखर कारखान्याला जातो आणि कारखान्याच्या आवारात इथेनॉल तयार होते, हेही ठाऊक होते. जुन्या गाड्यांचे रबर त्याने मऊ पडते, फुगते, आतून सुटते, हे मात्र मला त्या दिवशी कळले. मिस्त्रीला ते फार आधीपासून ठाऊक होते, आणि त्याने त्यावर स्वतःची एक रीत बसवली होती.

त्याच्या खिडकीत जॅमच्या काचेच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या असत. प्रत्येकीत पंपावरचे पेट्रोल, आणि झाकणातून दोऱ्याने लोंबणारा नळीचा किंवा वॉशरचा एकेक तुकडा. झाकणावर खिळ्याने तारीख कोरलेली. कोणतेही नवे रबर पंधरा दिवस बरणीत पोहल्याशिवाय तो गाडीला लावीत नसे. पंधराव्या दिवशी तुकडा काढायचा, उभा चिरायचा, आतल्या अंगावर नख ओढायचे. नखाला काळे लागले तर ते सारे बंडल परत. त्याची ही परीक्षा कोणत्याही पुस्तकात नव्हती, म्हणून माझ्या लेखी ती परीक्षाच नव्हती.

पंप, इंजेक्टर, रेग्युलेटर ठरले. उरली ती टाकीकडून येणाऱ्या लोखंडी नळीपासून चारही इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या रेलपर्यंत जाणारी, जोराच्या दाबाखाली राहणारी रबरी नळी. लांबी सव्वा हात.

"नगरला एमआयडीशीत माझ्या वळखीचा मानूस हाय," मिस्त्री म्हणाला. "त्याच्याकडं एक पाईप हाय. माझ्या बरनीत महिना पडलाय, काय झालं न्हाई त्याला. पर बिल न्हाई मिळायचं."

"बिल नाही तर वस्तू नाही."

"भाऊसाहेब, पेट्रोल बिल वाचून आत शिरत न्हाई."

मुलगी हसली. मला ते हसणे लागले. सोमवारी मी स्वतः बाजारात गेलो, व्यापाऱ्याकडून नवी कोरी नळी घेतली, छापील बिल घेतले, वर 'इंजेक्शन प्रणालीस योग्य' असा शिक्का मारून घेतला आणि दुपारी ती मिस्त्रीच्या बाकावर ठेवली. त्याने ती वाकवून पाहिली, टोकाचा वास घेतला आणि कात्रीने बोटभर तुकडा कापला.

"हा बरनीत टाकतो. पंधरा दिसांनी बसवू."

"शर्यत तोंडावर आहे. त्याआधी इंजिन चालवून सरावायला हवे. आज बसवा."

"न बघता बसवत न्हाई मी."

मी खिशातून चिठ्ठ्यांची वही काढली, कार्बन घातला आणि लिहिले: सोबतची इंधननळी आजच बसवावी. भिजवून पाहण्याची आवश्यकता नाही. जबाबदारी माझी. खाली सही केली. शेवटचे दोन शब्द लिहिताना मला त्यांचा अर्थ ठाऊक होता. त्यांची किंमत मात्र ठाऊक नव्हती.

त्याने ती चिठ्ठी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचली. नळी बसवली, दोन्ही क्लॅम्प आवळले. आणि कापलेला तुकडा तरीही बरणीत सोडला.

नागपंचमीच्या सकाळी साडेसातला आम्ही घरातून निघण्याच्या तयारीत होतो. बेलापूरच्या पुढे कालव्याच्या कडेने जाणारा सरळ रस्ता आहे; तिथे गाडी पहिल्यांदा जोरात चालवून पाहायची होती, आणि हे मिस्त्रीलाही ठाऊक होते. मुलगी बाहेर इंजिन गरम करीत होती. मी चष्मा शोधीत होतो. फोन वाजला.

"भाऊसाहेब, गाडी काढू नका. पाईप आतनं सुटाय लागलाय. आत्ता चिरून बघितला मी. नखाला नुसतं काळंच काळं—"

"आज पंधरा दिवस झाले का?"

"न्हाई झालं. म्हनूनच म्हनतो. दहा-बारा दिसांतच—"

"म्हणजे तुमची परीक्षा अपुरी आहे. तुम्ही ती नळी पहिल्यापासून नापसंत केलीत, कारण ती तुमच्या माणसाकडची नव्हती. आक्षेप असेल तर लेखी कळवा."

"अवो लेखी काय लेखी! मी तितं येस्तवर थांबा, मी बरनी घिऊन—"

मी फोन ठेवून बाहेर आलो. मुलीने विचारले, "कोण होतं?" मी म्हणालो, "कोणी नाही." एवढेच उत्तर दिले. ते मी इथे जसेच्या तसे नोंदवीत आहे.

गाडी सुरेख चालली. हे सांगणे भाग आहे, कारण पहिली काही मिनिटे मी सुखात होतो आणि मनात मिस्त्रीला उत्तरे देत होतो. कालव्याचा रस्ता लागला. मुलीने तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला. पाठ खुर्चीला चिकटली. त्याच क्षणी मला वास आला. गोडसर, ओला, पेट्रोलचा वास.

"बाबा, वास येतोय?"

"नव्या रंगाचा आहे," मी म्हणालो.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पाय काढला, गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली. मला वाटले, आवाज थांबला तसा वासही थांबेल. बॉनेटच्या डाव्या कडेतून आधी एक पांढरा पदर निघाला, मग तो पिवळा झाला. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल पडले होते.

"उतरा! बाबा, उतरा!" ती तिच्या बाजूने बाहेर पडली.

मला उतरता येईना. शर्यतीच्या गाडीला चार पट्ट्यांचा बंद असतो आणि त्याची मधली कडी फिरवून उघडायची असते. मी ती दाबत राहिलो. बळ लावून, वारंवार, नेहमीच्या पट्ट्याचे बटण दाबावे तशी. पुढच्या डाव्या चाकावरून ज्वाळा माझ्या दाराकडे वळत होती, काच तापत होती, आणि मी दाबत होतो. आग विझवण्याची बाटली गाडीत असायला हवी होती. ती माझ्या घरच्या टेबलावर होती. तिच्या पावतीची नोंद वहीत व्हायची होती.

मुलगी वळसा घालून माझ्या दारापाशी आली. ज्वाळेतून हात घालून तिने मूठ ओढली, आत वाकली, कडी एका झटक्यात फिरवली आणि माझी कॉलर धरून मला बाहेर काढले. पायांखाली चिखल होता. मी पडलो. ती ओरडली नाही; उजवा हात छातीशी धरून उभी राहिली.

दुधाचा एक टेम्पो थांबला. चालक किटल्यांवरची ओली पोती काढत धावत आला.

"ओ आजोबा, लांब व्हा, लांब! ताई, बॉनेटला हात लावू नका, वारं शिरलं की भडकंल! चिखल टाका, चिखल!"

त्याने पोती खालून, फटींतून कोंबली, वर कालव्याकाठचा चिखल लोटला. आणखी दोघे धावले. आग बसली. गाडीचे तोंड काळे पडले होते आणि रंगाचे फोड हळूहळू फुटत होते. टेम्पोवाला मुलीच्या हातावर पाणी ओतत राहिला. "आमच्या वहिनीचा हात असाच भाजल्ता, बरा झाला बगा," तो म्हणाला, पण माझ्याकडे पाहून म्हणाला नाही.

तेवढ्यात स्कूटर आली. मिस्त्री. पायांमध्ये पिशवी, पिशवीत बरणी. त्याने स्कूटर स्टँडला लावली नाही. ती आडवी पडली. बरणी हातात घेऊन तो गाडीकडे, मग मुलीच्या हाताकडे पाहत राहिला.

"आता आलात?" मी म्हणालो.

बरणी त्याने पुन्हा पिशवीत ठेवली.

यानंतर मी जे केले ते रागाच्या भरात केले असे म्हटले असते, तर वाचकाने कदाचित समजून घेतले असते. परंतु मी ते शांतपणे, मसुदे करून, पंधरवड्याच्या अवधीत केले. मुलीचा हात बांधलेला होता. दोन बोटे पूर्ण मिटतील की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. कोणीतरी जबाबदार असायला हवे होते, आणि तो मी असू शकत नव्हतो.

पहिले पत्र तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेला. दुसरे पोलीस ठाण्यात अर्ज म्हणून. तिसरे वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदराला. त्यात मिस्त्रीचे नाव नव्हते, पण गावात ते कोणाला ओळखता आले नाही असे नाही. चौथे त्याच्या चर्चच्या पंचकमिटीला: निष्काळजीपणे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणारी व्यक्ती विश्वासाच्या पदावर असावी काय, असा सवाल. चारही पत्रांत एक वाक्य समान होते. ते मला आजही पाठ आहे: "घटनेनंतर अवघ्या काही मिनिटांत सदर इसम, पूर्वकल्पना असल्याप्रमाणे, घटनास्थळी हजर झाला."

त्याला पूर्वकल्पना होती. ती त्याने मला साडेसात वाजता दिली होती.

पंचकमिटीने त्याला चौकशी होईपर्यंत बाजूला बसायला सांगितले. कोणी तोंडावर काही बोलले नाही; गाड्या येईनाशा झाल्या. घटस्थापनेला त्याने शटर ओढले आणि पाटी उतरवून आत ठेवली.

मी ग्राहक आयोगापुढे तक्रार नेण्याच्या तयारीला लागलो. तिच्यासोबत मुलीचे शपथपत्र हवे होते. एका रविवारी दुपारी ती फाईल घेऊन बसली, डाव्या हाताने पाने उलटीत. मी मुद्दाम शेजारच्या खोलीत थांबलो. पानांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"बाबा, ही चिठ्ठी काय आहे?"

ती कार्बनची प्रत होती. ती मला आठवत नव्हती, असे मी म्हणू शकतो. ते खरे नाही. प्रत्येक पत्र लिहिताना ती मला आठवत होती. ती गैरलागू आहे, असा निकाल मी मनात देऊन ठेवला होता. फायलीतून ती काढून टाकणे मात्र मला जमले नव्हते. आयुष्यात मी कोणत्याही फायलीतून कागद काढलेला नाही.

"भिजवून पाहण्याची आवश्यकता नाही," तिने मोठ्याने वाचले. "जबाबदारी माझी. बाबा, ही सही कोणाची आहे?"

मी तिच्यासमोर येऊन बसलो आणि "माझी" म्हणालो.

"आणि त्या दिवशी सकाळी फोन कोणाचा होता?"

ते तिला फोनमध्ये केव्हाच सापडले असते. मी सांगितले. सगळे सांगितले, 'लेखी कळवा' हे शब्दसुद्धा. ती उठली, फाईल तिने नीट मिटली, दोरी बांधली आणि ती माझ्यासमोर ठेवली. "यावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि मला बरं वाटावं म्हणून हे कोणाविरुद्ध करू नका."

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीकडे जाऊन बरणी घेऊन आली. जळून उरलेल्या नळीचे टोक तिने उभे चिरले आणि बरणीतल्या, मिस्त्रीने आधीच चिरलेल्या तुकड्याशेजारी माझ्या टेबलावर ठेवले. बाहेरच्या अंगावर कारखान्याचा छाप अजून स्पष्ट होता. आतल्या अंगाचे पापुद्रे सुटले होते. मी नख ओढले, ते काळे झाले. बाहेरून इंजेक्शनच्या दाबाची नळी, आतून साधे रबर. छापणे स्वस्त असते.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रीच्या घरी गेलो. तो अंगणात विहिरीवरची मोटर उघडून बसला होता. त्याने मला बसा म्हटले नाही. त्याची बायको आतून खुर्ची घेऊन आली आणि ठेवून परत गेली.

"तुमच्याकडे माझी चिठ्ठी होती," मी म्हणालो. "तारेत ओवलेली. संघटनेने तुम्हाला बोलावले, पंचकमिटीने बोलावले. तुम्ही ती दाखवली का नाहीत?"

"दावून काय करू? तुमी म्हनला असता, सही माझी न्हाई."

"मी तसे कधीच म्हटले नसते."

"फोनबी आल्ता म्हनून कुटं लिवलं तुमी?" त्याने मोटरचा पंखा हाताने फिरवून पाहिला. "अन् खरं सांगू का. चिठ्ठी असली तरी पाईप बसवला ह्याच हातांनी. न बघता बसवत न्हाई म्हनलो अन् बसवला. कागद बघून बसवला. त्या पोरीला मी बरनीपशी उभं करून शिकिवलंय. तिला काय सांगू, तुझ्या बापानं सही केल्ती म्हनून?"

त्याचा राग माझ्यावर होता आणि स्वतःवरही होता. त्यातला माझा वाटा त्याने कमी करून सांगितला नाही. मी पत्रे मागे घेतो म्हणालो. तो म्हणाला, "पत्रानं काय व्हतंय? वाचनारा एकदा वाचतो अन् जन्मभर सांगत बसतो. ज्यांना लिवलं त्यांच्या म्होरं या. तोंडानं बोला."

तत्पूर्वी मी व्यापाऱ्याकडे गेलो. त्याच दुकानात, त्याच खुंटीला त्याच नळीचे बंडल लटकत होते. बरेचसे संपले होते. मी चिरलेले तुकडे काउंटरवर ठेवले.

"काका, बिल आहे ना तुमच्याकडे?" तो म्हणाला. "बिलावर नळी लिहिलंय. नळीच दिली. कोणत्या पेट्रोलला चालेल ते लिहिलंय का? तुम्ही कायद्यातले, तुम्ही बघून घ्यायचं."

"शिक्का तुमचा आहे. इंजेक्शन प्रणालीस योग्य."

"शिक्का तुम्ही मागितला, मी मारला. मागेल त्याला मारतो. पुढचं गिऱ्हाईक थांबलंय, जरा बाजूला व्हा."

पुढच्या गिऱ्हाईकाने माझ्यादेखत त्या बंडलातून दोन हात नळी कापून नेली. मी त्याला अडवले. त्याने बंडलावरचा छाप पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि मला ओळखले. "तुम्ही ते पेपरात पत्र लिहिणारे ना? त्या मिस्त्रीनं जाळली ना तुमची गाडी?" असे म्हणून तो नळी घेऊन गेला.

नाताळाच्या आधीच्या रविवारी, उपासना संपल्यावर, पाळकांच्या परवानगीने मी चर्चच्या आवारात उभा राहिलो. संघटनेचे दोघे आले होते. मुलगी आली होती. मी चारही पत्रे परिच्छेदवार वाचली आणि प्रत्येकातले असत्य कोणते ते सांगितले. पोलीस ठाण्यातला अर्ज आदल्या दिवशीच मागे घेतला होता. आधीचे पत्र मागे घेणारे माझे नवे पत्र वर्तमानपत्राने छापलेले नव्हते, तेही सांगितले. चिठ्ठी वाचली. फोनवरचे शब्द सांगितले. बरणी सर्वांच्या हातांतून फिरली. कोणी नख ओढून पाहिले. पंचकमिटीच्या ज्येष्ठांनी मिस्त्रीला त्याच्या जागी परत बसायला सांगितले.

मी त्याच्याजवळ गेलो आणि गॅरेज कधी उघडता, असे विचारले.

"तुमचं झालं," तो म्हणाला. "तुमी बोलला, ते ऐकलं मी. पर त्या दुकानात अजून त्योच पाईप कापत्यात. उद्या आनखी एक गाडी जळंल. अन् लोक काय इचारतील? पाईप कुटला, ह्ये न्हाई इचारनार. बसवला कोनी, ह्ये इचारतील. त्यो दुकानदार जवर चारचौघांत सांगत न्हाई, तवर माझ्या पाटीला काय अर्थ हाय?"

मुलीने डाव्या हाताने बरणी उचलून माझ्याकडे दिली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी. त्या व्यापाऱ्याने खुंटीवरचे बंडल, आणि ज्या कारखान्याने ते तयार केले त्याने आपला पत्ता, घेऊन मिस्त्रीच्या बंद शटरासमोर यावे. शिल्लक बंडलातला बोटभर तुकडा सर्वांदेखत कापावा. बरणी मी आणीन, पेट्रोल पंपावरचे आणीन, दोराही आणीन. झाकणावर तारीख मिस्त्री कोरेल. पंधरा दिवस बरणी तिथेच, उघड्यावर, टांगलेली राहील. पंधराव्या दिवशी व्यापाऱ्याने स्वतः तुकडा चिरावा, आतल्या अंगावर स्वतःचे नख ओढावे, ते जमलेल्यांना दाखवावे आणि सांगावे, की यापैकी किती हात नळी त्याने कोणाकोणाला विकली, आणि ज्यांना विकली त्यांना तो कसे कळवणार आहे.

उत्तर तोंडी द्यावे. लेखी उत्तर स्वीकारले जाणार नाही.